शाळेचे रजिस्टर, ग्रंथालयाचे दार आणि राज्यघटना



जून महिना जवळ आला की कडेगाव तालुक्यातील आपल्या वस्त्यांमधून एक प्रश्न दरवर्षी नव्याने उपस्थित होतो. मुलाला पहिलीत घालावयाचे असते. जन्माचा दाखला हाती असतो आणि प्रवेशाच्या कागदावर धर्म व जात असे दोन रकाने रिकामे असतात. तेथे काय लिहावयाचे? ‘बौद्ध’ लिहिले तर पुढे शिष्यवृत्ती बुडेल काय? नोकरीतील राखीव जागा हातची जाईल काय? की आजोबांच्या वेळेप्रमाणे ‘हिंदू’ लिहून मोकळे व्हावे आणि आपला धम्म विहारापुरता व घरापुरता ठेवावा? ज्येष्ठ मंडळी एक सांगतात, शहरात नोकरीला असलेला भाऊ दुसरेच सांगतो, आणि शाळेतील गुरुजी ‘तुम्ही म्हणाल ते लिहितो’ म्हणून लेखणी उचलून बसतात.

हा प्रश्न कारकुनी स्वरूपाचा आहे असे समजून कोणी तो टाळू नये. राज्यघटनेतील कलमे ज्या वाटेने खेड्यात येतात त्या वाटेवरील पहिली जागा म्हणजे शाळेचे रजिस्टर होय. आपल्या समाजाला तर या रजिस्टराचा इतिहास विसरून चालणारच नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरातील क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाते, आणि २०१७ पासून महाराष्ट्र सरकारने ७ नोव्हेंबर हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून ठरविला आहे. त्या मुलाला शाळेत घेतले गेले हे खरे. परंतु वर्गात बसावयाचे ते घरून आणलेल्या गोणपाटावर, इतरांपासून दूर, आणि तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी नाही, हे बाबासाहेबांनी स्वतःच पुढे लिहून ठेविले आहे. नाव रजिस्टरात असणे आणि मूल शाळेत समानतेने असणे या दोन गोष्टींमध्ये किती अंतर असू शकते, हे आपल्या जिल्ह्याच्या मातीने पाहिलेले आहे. कडेगाव आज सांगली जिल्ह्यात असले तरी १९४९ पूर्वी हा सारा मुलूख सातारा जिल्ह्यातच मोडत असे. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

सरकारी ठराव त्या काळीही होतेच. रावबहादूर सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात जो ठराव संमत करून घेतला त्यात सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा यांच्याबरोबर सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळांचाही समावेश होता. महाडचे तळे कागदावर त्याच ठरावाने खुले झाले होते, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी त्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. उलट, कोणत्याही घटनेचे कलम पाठीशी नसताना कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे सातारच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसविली. त्याच वर्षी करवीरच्या शाहू छत्रपतींनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला. ही उदाहरणे थोर आहेत, परंतु ती माणसांच्या थोरवीवर अवलंबून होती. छत्रपती वारले किंवा कर्मवीरांसारखा माणूस ज्या गावाला लाभला नाही तेथे मुलाने काय करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर २६ जानेवारी १९५० पर्यंत नव्हते.

त्या दिवसापासून ते मिळाले. पंधराव्या कलमाने धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांवरून भेद करण्यास राज्याला मनाई केली. सतराव्याने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ च्या कायद्याने शाळेत अथवा तिच्या वसतिगृहात अस्पृश्यतेच्या कारणाने प्रवेश नाकारणे हा शिक्षेस पात्र असा गुन्हा ठरविला. एकोणतिसाव्या कलमाच्या दुसऱ्या खंडाने सांगितले की, जी शिक्षणसंस्था राज्य चालविते किंवा जिला राज्याच्या तिजोरीतून साहाय्य मिळते, तिने केवळ धर्म, वंश, जात वा भाषा या कारणावरून कोणाही नागरिकाला प्रवेश नाकारता कामा नये. वाचकांनी यातील ‘साहाय्य’ हा शब्द ध्यानी धरावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

याच एकोणतिसाव्या कलमाची एक कथा बोधप्रद आहे. मद्रास राज्यात वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील जागा जातवार वाटून देण्याची पद्धत होती. चंपकम दोराईराजन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये ती पद्धत या कलमाच्या आधारे रद्द केली. ज्या कलमाने दार उघडावयाचे त्याच कलमाने, अक्षरशः वाचल्यामुळे, मागासलेल्यांसाठी ठेवलेली जागा बंद झाली. तेव्हा त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन पंधराव्या कलमात चौथा खंड आला आणि अनुसूचित जाती, जमाती व मागासवर्ग यांच्या उन्नतीसाठी विशेष तरतूद करण्यास राज्याला मोकळीक मिळाली. बाबासाहेब त्या वेळी कायदेमंत्री होते व त्यांनी लोकसभेच्या आधीच्या त्या हंगामी संसदेत या दुरुस्तीचे समर्थन केले. आज आपल्या मुलांना महाविद्यालयात ज्या जागा मिळतात त्यांचे मूळ या खंडात आहे. ‘घटनेत पहिल्यापासून होते’ असे अनेक वक्ते सभांमधून ठोकून देतात, ते बरोबर नव्हे. हा खंड सोळा महिन्यांनी, एका न्यायालयीन पराभवानंतर मिळवावा लागला.

आता धर्माच्या रकान्याकडे वळू. घटनेने पंचविसाव्या कलमात प्रत्येकास आपल्या सदसद्विवेकाप्रमाणे धर्म स्वीकारण्याचे स्वातंत्र्य दिले. परंतु कोणत्या जाती ‘अनुसूचित’ समजावयाच्या हे ठरविण्याचे काम तीनशे एकेचाळीसाव्या कलमाने राष्ट्रपतींच्या आदेशावर सोपविले, आणि १० ऑगस्ट १९५० च्या त्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात असे घातले गेले की, हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला. बौद्धांचा झाला नाही. त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी नागपुरात लाखो माणसांनी धम्मदीक्षा घेतली. एका हाताने घटनेने धर्मस्वातंत्र्य दिले होते. आदेशातील एका परिच्छेदाने त्या स्वातंत्र्याची किंमत लावून ठेवली. जो आपला खरा धर्म सांगेल त्याने केंद्रातील राखीव नोकरी सोडावी, राखीव मतदारसंघातून उभे राहणे सोडावे, असा त्याचा अर्थ झाला. १९६२ च्या निवडणुकीत उमरेडच्या राखीव मतदारसंघातून निवडून आलेल्या मेश्राम यांची निवड सर्वोच्च न्यायालयाने पंजाबराव विरुद्ध मेश्राम या खटल्यात याच कारणाने टिकू दिली नाही. त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारल्याचे जाहीरपणे प्रकट केले होते, एवढे न्यायालयाला पुरेसे झाले.

या ठिकाणी कडेगावच्या वाचकाने एका स्थानिक गोष्टीची नोंद घ्यावी. देवराष्ट्रे हे गाव आज आपल्या तालुक्यात आहे. १९१३ मध्ये तेथे यशवंतराव चव्हाणांचा जन्म झाला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा मुख्यमंत्री या नात्याने त्यांनी बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या राज्यातील सवलती चालू ठेवल्या. काँग्रेस पक्षाशी आपल्या चळवळीचे जे मतभेद होते ते सर्वांना ठाऊक आहेत, आणि ते लपविण्याचे कारण नाही. तरी हे काम त्यांच्या नावावर जमा केलेच पाहिजे. राज्याच्या अधिकारातील शिक्षणाच्या सवलती व राज्याच्या नोकऱ्या यांचे दार त्यामुळे बंद झाले नाही. केंद्राचे दार मात्र बंदच राहिले. ६ डिसेंबर १९६४ रोजी सुरू झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात रिपब्लिकन पक्षाने दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ज्या मागण्या मांडल्या त्यात बौद्धांच्या सवलतींची मागणीही होती. हजारो माणसे तुरुंगात गेली. परिच्छेद तसाच राहिला.

अशा परिस्थितीत गावोगावच्या अनेक बापांनी काय केले? १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २८ लाख लोकांनी आपला धर्म बौद्ध असा सांगितला, आणि त्यांतील कित्येकांनी शाळेच्या रजिस्टरात मात्र मुलाच्या नावापुढे ‘हिंदू महार’ असे लिहू दिले. त्यांना भेकड म्हणणारे लोक आपल्यातही आहेत. आम्हांस ते मान्य नाही. ज्याच्या घरी संध्याकाळच्या भाकरीची शाश्वती नव्हती त्याने मुलाच्या शिक्षणाची वाट मोकळी राहावी म्हणून रकान्यात एक शब्द सोसला. त्याची शरम त्याला वाटण्याचे कारण नाही; ज्या आदेशाने त्याला हे करावयास लावले त्याच्या कर्त्यांना ती वाटावयास हवी होती. चौतीस वर्षे ही स्थिती टिकली. १९९० मध्ये, विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारच्या काळात, संसदेने कायदा करून तिसऱ्या परिच्छेदात ‘बौद्ध’ हा शब्द घातला. दीक्षाभूमीवर उभा असलेला तरुण तोवर आजोबा झाला होता.

तेव्हा जूनमधल्या त्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ असे लिहावे. तसे लिहिल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. ती भीती १९९० पासून निराधार आहे. शाळा सोडल्यानंतर रजिस्टरातील नोंद बदलून घेणे फार कष्टाचे होते, म्हणून पहिल्याच दिवशी नोंद नीट करून घ्यावी आणि लिहिलेले स्वतः वाचून पाहावे.

एवढ्याने काम भागत नाही हेही सांगितले पाहिजे. अनुसूचीत धर्म नाहीत, जाती आहेत. ‘बौद्ध’ ही जात नव्हे. त्यामुळे जातीचा दाखला मागावयास गेलेल्या मुलाला आपले पूर्वज अनुसूचित जातीचे होते व १० ऑगस्ट १९५० पूर्वी या राज्यात राहत होते, याचा पुरावा द्यावा लागतो. ज्या जातीचा त्याग आपण बावीस प्रतिज्ञांसह केला तिचाच कागद जपून ठेवावा लागावा, यातील कडवटपणा आम्ही जाणतो. परंतु अन्याय ज्या नावाने झाला त्याच नावाने त्याची भरपाई मोजली जाते, आणि तो हिशेब पुरा होईपर्यंत कागद टाकून चालणार नाही. येथे एक फार विषम गोष्ट घडते. ज्याचा पणजोबा १९५० पूर्वी शाळेत गेला त्याला रजिस्टराचा उतारा मिळतो. ज्याच्या पणजोबाला शाळेच्या पडवीवरही चढू दिले नाही त्याच्याकडे उतारा नाही, म्हणजे ज्याच्यावर अन्याय अधिक झाला त्याचा पुरावा कमी पडतो. अशा कुटुंबांनी तहसील कचेरीत जन्ममृत्यूची जुनी नोंद, म्हणजे गाव नमुना नंबर चौदा किंवा ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते, शोधावे. मोडी वाचणारा माणूस सोबत न्यावा. प्रत्येक गावातील एका शिकलेल्या तरुणाने हे काम अंगावर घेऊन सर्व वस्तीचे उतारे एकदाच काढून ठेवले तर दरवर्षीची धावपळ वाचेल.

दुसरी गोष्ट परिपाठाची. अठ्ठाविसावे कलम फार थोड्या पालकांना ठाऊक आहे. सर्वस्वी राज्याच्या पैशाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण मुळीच देता येत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळा यात येतात. ज्या खासगी शाळांना राज्याची मान्यता किंवा अनुदान आहे त्यांत धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. आमच्या मुलांना पूजेच्या वेळी आरतीचे ताट धरावयास लावले जाते, अशा तक्रारी आपल्या समाजात वेळोवेळी ऐकू येतात. ज्या पालकाला हे मान्य नसेल त्याने भांडण न काढता मुख्याध्यापकांस लेखी कळवावे आणि पत्राची पोच घ्यावी. नाशिककडील एका अनुदानित शाळेत एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला, त्यावरून त्याची वरची वेतनश्रेणी अडली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. शिक्षकाला जे स्वातंत्र्य आहे ते सहा वर्षांच्या मुलाला नाही असे कोण म्हणेल?

परंतु हे कलम दुधारी आहे, आणि आपल्या काही उत्साही कार्यकर्त्यांना ते पटवून द्यावे लागते. जिल्हा परिषदेच्या शाळेत सरस्वतीपूजन नको असे ज्या तोंडाने आपण म्हणतो त्याच तोंडाने तेथे सर्व मुलांकडून त्रिशरण पंचशील म्हणवून घ्या असे म्हणता येणार नाही. आपल्या समाजाने चालविलेल्या शाळेला सरकारी मान्यता असेल तर तेथील मराठ्याच्या, मुसलमानाच्या वा धनगराच्या मुलालाही वंदनेची सक्ती करता येत नाही. बुद्धाचे चरित्र व विचार इतिहासात शिकविणे ही निराळी गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये पंजाबातील डी. ए. व्ही. महाविद्यालयाच्या खटल्यात गुरू नानकांच्या शिकवणुकीचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे असे सांगून हा भेद स्पष्ट केला आहे. कडेगावकरांना हे समजावयास अवघड जाऊ नये. मोहरमात येथील उंच ताबुतांच्या भेटी पाहावयास हिंदू व मुसलमान एकत्र जमतात, ताबुतांच्या कामात दोघांचाही हात असतो, आणि त्यासाठी कोणी कोणाला कलमा पढावयास लावीत नाही. स्वेच्छेने जावे, न गेल्यास कोणी जाब विचारू नये, एवढीच अठ्ठाविसाव्या कलमाची अपेक्षा आहे.

शाळेत जाण्याचा हक्क तरी केव्हा मिळाला? घटना परिषदेच्या मसुद्यात प्रत्येक नागरिक मोफत प्राथमिक शिक्षणास ‘हक्कदार’ आहे अशा अर्थाचे शब्द होते. ते काढून टाकण्यात आले आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्याने प्रयत्न करावा, एवढे मार्गदर्शक तत्त्व पंचेचाळिसाव्या कलमात उरले. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी या कलमावर चर्चा झाली तेव्हा वयाची मर्यादा प्राथमिक शिक्षणापुरती आखडावी अशी सूचना आली होती. बाबासाहेबांनी ती नाकारली. त्यांचे कारण साधे व व्यवहारी होते: चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात कामास लावण्यास घटना बंदी करते, मग ते मूल कामावर नसेल तर त्याने शाळेत असले पाहिजे. मजुरी व शाळा यांची सांगड इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कोणी घातली नाही, कारण दुसऱ्या कोणाच्या समाजातील मुले इतक्या संख्येने गुरे राखीत नव्हती.

दहा वर्षांची ती मुदत १९६० मध्ये संपली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले. २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने एकवीस-अ हे कलम येऊन सहा ते चौदा वयाच्या मुलाचा शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदा अंमलात आला. दहा वर्षांच्या वचनाला साठ वर्षे लागली. त्यातही पळवाटा शोधणे चालूच असते. खासगी विनाअनुदानित शाळांनी पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवाव्या असे हा कायदा सांगतो. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये, जवळ एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये ती अधिसूचना रद्द केली. पालक न्यायालयात गेले नसते तर ती आजही चालू राहिली असती.

या कायद्यातील एकविसावे कलम खेड्यातील माणसाच्या हाती सर्वांत जवळचे आहे. सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असली पाहिजे. तिच्यात किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया, आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान. शाळेचे काम पाहणे, विकासाचा आराखडा करणे, आलेल्या अनुदानाचा विनियोग तपासणे हे तिचे अधिकार होत. आपल्यातील किती मायबहिणी या समितीत आहेत? आणि ज्या आहेत त्यांतील किती जणी सभेला बसून हिशेब विचारतात, किती जणींच्या घरी सहीसाठी वही पाठविली जाते? वही घरी आली तर सही करू नये. सभा केव्हा व कोठे होती हे विचारावे.

ग्रंथालयाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण या बाबतीत आपण सर्वांत गाफील आहोत. ज्या महापुरुषाने मुंबईत राजगृह बांधले ते पुस्तकांना जागा पुरावी म्हणून, त्यांच्या अनुयायांच्या वस्तीत पुतळा असतो, विहार असते, आणि पुस्तकांचे कपाट बहुधा नसते. शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. ग्रंथालये हा विषय घटनेने राज्यसूचीत ठेवला असल्याने प्रत्येक राज्याने आपापली पद्धत घेतली, आणि महाराष्ट्राने घेतलेली पद्धत अशी की, सरकारने गावोगावी स्वतः ग्रंथालय काढावयाचे नाही. लोकांच्या नोंदणीकृत संस्थेने काढावे व सरकारने त्याला मान्यता देऊन अ, ब, क, ड अशा वर्गाप्रमाणे अनुदान द्यावे. या पद्धतीचा परिणाम उघड आहे. ज्यांच्याकडे जागा, वजन आणि कागदपत्रे करणारी माणसे होती त्यांची ग्रंथालये झाली. ती मुख्य पेठेत, देवळाच्या आवारात, पुढाऱ्याच्या वाड्याच्या ओसरीवर उभी राहिली. वस्तीतील मुलगा तेथे जात नाही; त्याला कोणी हाकलून दिलेले नसते, पण ती जागा आपली नव्हे असे त्याच्या मनाने धरलेले असते.

येथे ‘साहाय्य’ हा शब्द पुन्हा पाहावयाचा. राज्याच्या निधीतून पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या सार्वजनिक वापराच्या ठिकाणी कोणासही केवळ जातीमुळे वा धर्मामुळे मज्जाव करता येत नाही, हे पंधराव्या कलमाच्या दुसऱ्या खंडात आहे, आणि तेथे विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर सार्वजनिक राबत्याच्या जागांचाही उल्लेख आहे. अनुदान घेणारे ग्रंथालय पाटलाच्या ओसरीवर असले तरी पाटलाचे राहत नाही. त्याच्या पुस्तकखरेदीत, त्याच्या सभासदत्वात, त्याच्या कार्यकारी मंडळात आपला वाटा मागण्याचा अधिकार आपल्याला आहे. आमची सूचना अशी की, प्रत्येक गावातील पाच-दहा तरुण-तरुणींनी रीतसर वर्गणी भरून गावच्या मान्यताप्राप्त ग्रंथालयाचे सभासद व्हावे, मागणीपुस्तकात बाबासाहेबांचे ग्रंथ, जोतीरावांचे वाङ्मय, स्पर्धापरीक्षांची पुस्तके यांची लेखी मागणी करावी, आणि वार्षिक सभेला जावे. वेगळे ग्रंथालय विहारात काढावे असे अनेकांचे मत आहे. तेही करावे, पण गावचे ग्रंथालय सोडून देऊन नव्हे. सर्वांच्या शाळेत जाण्यासाठी आपल्या पूर्वजांनी जी धडपड केली ती आपली निराळी शाळा असावी म्हणून केली नव्हती.

राहिला नागरिकशास्त्राचा विषय. बालभारतीच्या पुस्तकांच्या पहिल्या पानांवर संविधानाची उद्देशिका छापलेली असते. २६ जानेवारी २०२० पासून शाळांत तिचे रोज वाचन व्हावे असा राज्य सरकारने आदेश दिला. २६ नोव्हेंबर हा संविधान दिन २०१५ पासून देशभर पाळला जातो. हे सर्व चांगलेच झाले. परंतु ज्या शाळेत मुले सकाळी दर्जाची व संधीची समानता मोठ्याने वाचतात त्याच शाळेत दुपारी वर्ग झाडण्याची पाळी कोणाच्या मुलींवर वारंवार येते, खिचडी वाढण्याच्या रांगेत कोण शेवटी उभे असते, स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन नेहमी कोणाच्या मुलाकडे जाते, हे पाहिल्याशिवाय त्या वाचनाचा हिशेब लागत नाही. नागरिकशास्त्राचा पेपर तपासणारा गुरुजी हे पाहत नाही. पालकाने पाहिले पाहिजे. मुलाला एवढे विचारावे की, आज शाळेत तू कोणाशेजारी बसलास, पाणी कोठून प्यायलास, झाडू कोणी मारला. उत्तर खटकले तर ते समितीच्या सभेत, नावे न घेता पण तारखेसह, मांडावे व कार्यवृत्तात लिहून घ्यावे. कार्यवृत्ताची नक्कल माहितीच्या अधिकाराखाली मागता येते. शुल्क दहा रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही लागत नाही.